पाहणाऱ्याचे ऋण

प्रवासी ज्या स्थळी जातो त्या स्थळाचे तो काही देणे लागतो का, आणि लागत असेल तर ते कोणाला व कोणत्या रूपात फेडायचे, हा प्रश्न भारतीय धर्मविचाराने तीर्थयात्रेच्या संदर्भात शतकानुशतके हाताळला आहे; पर्यटनाच्या संदर्भात मात्र तो क्वचितच विचारला जातो, कारण पर्यटन हा खरेदीविक्रीचा व्यवहार समजला जातो आणि तिकिटाचे पैसे चुकते झाले की देणेही संपले असे गृहीत धरले जाते. हा समज किती अपुरा आहे, हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह या गावाच्या निमित्ताने तपासता येते. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेले कोरकू मुलखातले हे गाव आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील पर्यटनाचे एक मुख्य ठाणे आहे. वनखात्याचे पर्यटन संकुल, निसर्ग माहिती केंद्र आणि जंगल सफारीच्या गाड्या यांच्यामुळे वऱ्हाडातल्या बहुतेक शिक्षित कुटुंबांना सेमाडोहचे नाव ठाऊक असते. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले, आणि सातपुड्याच्या या रांगा पाहण्याचे स्थळ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

पाहण्याचे स्थळ म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिणेकडील नामिबिया हा वाळवंटी देश उपयोगी पडतो, कारण स्थळदर्शनाची आधुनिक वासना तिथे तिच्या टोकाच्या रूपात दिसते. सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरच्या या देशात जेमतेम तीस लाख माणसे राहतात. नामिब वाळवंटातील सोसुसव्लेईचे तांबूस वाळूचे डोंगर, त्यांच्या कुशीत शेकडो वर्षे निष्पर्ण उभी असलेली डेडव्लेईची काळी झाडे, एटोशाचे पांढरेशुभ्र खारपट मैदान आणि त्याच्या कडेच्या पाणवठ्यांवर येणारे हत्ती, फिश नदीची अवाढव्य घळ: ही त्या देशाची सर्वाधिक वाखाणली जाणारी स्थळे होत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे, आणि ती अशी की प्रवाशाला तिथे माणूस दिसू नये अशी अपेक्षा असते. निर्मनुष्यता हेच तिथले सौंदर्य मानले जाते. विकत घ्यावयाची वस्तू म्हणून शांतता, विस्तार आणि एकांत यांचा तिथे जो गौरव होतो, त्याला एक धार्मिक छटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्यांची देवळाशी असलेली नाळ तुटली आहे अशी पुष्कळ माणसे आज वाळूच्या डोंगरावरचा सूर्योदय किंवा जंगलातली पहाट याच ठिकाणी नतमस्तक होतात, आणि त्यांचे हे नतमस्तक होणे खोटे नसते. प्रश्न त्यांच्या भावनेचा नसून त्या भावनेच्या पूर्वअटींचा आहे.

तीर्थविचाराने या पूर्वअटींकडे बारकाईने पाहिले आहे. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्वात यज्ञ हे धनवंतांचे कर्म असल्याने निर्धनांसाठी तीर्थयात्रेचा मार्ग सांगितला आहे. म्हणजे ज्याच्याजवळ देण्यासारखे द्रव्य नाही, त्याने आपले पाय आणि आपला संयम अर्पण करावयाचा. ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, हा सिद्धांत तिथे मांडला आहे. मत्स्यपुराणात प्रयागयात्रेच्या प्रसंगी ऐश्वर्याच्या लोभाने वाहनावर बसून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या सर्व वचनांचा तपशीलवार परामर्श घेतला असून, तीर्थांचे माहात्म्य अतिशयोक्तीने वाढवणाऱ्या आणि तीर्थाला मनाच्या शुद्धीपुढे गौण ठरवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या वचनांची दखल घेतली आहे. या दोन्ही बाजूंत एक गोष्ट गृहीत आहे: यात्रेकरू हा स्थळाचा मालक किंवा गिऱ्हाईक नसून याचक असतो. स्थळाला त्याच्यावर अधिकार असतो. क्षौर, उपवास, स्नान, दान, श्राद्ध असे जे विधी तीर्थी सांगितले आहेत त्यांचा अर्थ या अधिकाराच्या स्वीकारातच आहे. माणूस जन्मतःच देव, ऋषी, पितर यांचा ऋणको असतो, आणि पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञाने, म्हणजे प्राणिमात्रांना द्यावयाच्या अन्नबलीने, त्याने इतर जीवांचेही देणे मान्य करावयाचे असते; यात्रा ही या ऋणांपैकी काहींची फेड होती.

वऱ्हाडाच्या भूमीत या प्रश्नाला आणखी एक उत्तर घडले, आणि ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांना ज्यांच्याकडून ज्ञानशक्ती मिळाली ते गोविंदप्रभू याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे, आणि चक्रधरांनी दीर्घ तप केले असे पंथपरंपरा ज्या ठिकाणी मानते ते सालबर्डी मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना जे आचारधर्म सांगितले त्यांत अटन आणि विजन यांना मोठे स्थान आहे. अटन म्हणजे कुठेही ठाण मांडून न बसता फिरत राहणे, आणि विजन म्हणजे जनसंपर्कापासून दूर, एकांतात ईश्वरस्मरण करणे. विषयसुखांची रेलचेल असलेल्या प्रदेशांत जाऊ नये, देशाच्या टोकाला, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा जागी, झाडाखाली राहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. वरवर पाहता आधुनिक प्रवासी वाळवंटात किंवा जंगलात जे शोधतो तेच हे आहे असे वाटेल. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. विजनात साधकाने स्वतःला रिकामे करावयाचे असते. त्याच्यासाठी प्रदेश रिकामा करून ठेवलेला नसतो. तो गावाबाहेर झाडाखाली राहतो आणि भिक्षेसाठी त्याच गावात येतो, म्हणजे त्याचा एकांत गावकऱ्यांच्या अन्नावर उभा असतो आणि हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही. पर्यटनाने नेमकी उलटी मांडणी केली: पाहणाऱ्याचे मन होते तसेच राहिले आणि रिकामा झाला तो मुलूख.

हा मुलूख पूर्वी कोणाच्या दृष्टीने आणि कसा भरलेला होता, हे कोरकूंच्या धर्मजीवनावरून कळते. कोरकू ही सातपुड्यात राहणारी आदिवासी जमात असून तिची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे मराठी आणि गोंडी या दोहोंपासून वेगळ्या वंशाची आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोरकूंची जी उत्पत्तिकथा नोंदवली आहे तिच्यात रावणाला सातपुड्याचा हा प्रदेश निर्जन आढळतो, तो महादेवाची प्रार्थना करतो, आणि महादेव वारुळाची तांबडी माती घेऊन तिच्यातून पहिले स्त्रीपुरुष घडवतात. म्हणजे निर्मनुष्य डोंगर ही या कथेत सौंदर्याची नव्हे तर उणिवेची अवस्था आहे. देवाने ती उणीव भरून काढली आणि माणूस त्याच डोंगराच्या मातीचा झाला. गावात दगडांच्या राशीच्या रूपाने असणारा मुठवादेव, डोंगरावरचा डोंगरदेव, शिवेवरचा वाघदेव, आणि या सर्वांची पूजा करणारा भुमका हा गावपुजारी, अशी ही व्यवस्था आहे. वाघाला कोरकू भाषेत कुला म्हणतात आणि मामा या नात्याने त्याचा उल्लेख करतात. भुमकाने शीव बांधून दिली की वाघाने आणि माणसाने आपापल्या बाजूला राहावे, अशी धारणा असे. या धारणेमुळे वाघाने गुरे मारणे थांबले असे कोणी म्हणणार नाही, परंतु वाघाशी बोलणी करता येतात आणि वाघही एक पक्ष आहे, ही कल्पना तिच्यात आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ती कल्पना लहान नाही.

मृतांच्या बाबतीतही भूमीचा असाच संबंध आहे. मृत्यूनंतर, कधी कधी पुष्कळ वर्षांनी, सिडोली नावाचा विधी करून कोरकू आपल्या मृतांना पितरांत मिळवतात, आणि त्या वेळी सूर्य, चंद्र व मृताची आकृती कोरलेला लाकडी खांब, ज्याला मुंडा म्हणतात, गावच्या ठरलेल्या झाडाखाली उभा करतात. आधीच्या पिढ्यांचे खांब तिथे उन्हापावसाने झिजत उभे असतात आणि नवा खांब त्यांच्या ओळीत जातो. हा खांब संग्रहालयात ठेवता येतो, त्याच्या कोरीवकामाचे कौतुक करता येते. पण ज्या झाडाखाली तो उभा करावयाचा ते झाड हलवता येत नाही.

प्रवाशाच्या ऋणाविषयी कोरकूंनी काही सिद्धांत लिहून ठेवलेला नाही; तो त्यांच्या होळीत आहे. होळी हा मेळघाटातील सर्वांत मोठा सण. होळी पेटल्यानंतरचे काही दिवस गावोगावची मंडळी ढोल आणि बासरीच्या साथीने नाचत रस्त्यावर येतात, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात आणि त्याच्याकडून फगवा, म्हणजे होळीचा मान म्हणून पैसे, घेतात. परतवाडा–धारणी रस्त्यावरून त्या दिवसांत जाणाऱ्या गाडीला अनेकदा थांबावे लागते, आणि शहरी प्रवासी पुष्कळदा याकडे उपद्रव म्हणून किंवा लोकनृत्याचा फुकट कार्यक्रम म्हणून पाहतो. वास्तविक वर्षातून एकदा इथे भूमिका आपल्या जागी येतात. जो एरवी प्रवेशशुल्क भरून जंगलात शिरतो आणि ज्याला वाटेत लागणारी माणसे दृश्याचा भाग वाटतात, त्याला ती माणसे थांबवून सांगतात की ही वाट कोणाच्या तरी अंगणातून जाते आणि तिचा मान द्यावा लागतो. तीर्थावर उपाध्याय दक्षिणा घेतो तेव्हा तिच्यात लोभ मिसळलेला असू शकतो, फगव्यातही असेल. तरीही दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे, आणि प्रवेशद्वारावरच्या पावतीत ती नाही, कारण पावती देणारी सत्ता आणि तिथे राहणारी माणसे ही एक नाहीत.

नामिबियाच्या इतिहासात या विसंगतीची फार मोठी किंमत माणसांनी दिली आहे. एटोशा हे क्षेत्र १९०७ साली जर्मन वसाहती सरकारने वन्यप्राण्यांसाठी राखीव केले. तिथे सान या आदिवासी समूहातील हाइओम नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीने त्यांना बाहेर काढले. त्यांच्या वतीने जमिनीचा दावा चालवण्याची परवानगी २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने नाकारली. वॉटरबर्गचे पठार आज गेंड्यांसाठी आणि पायवाटांसाठी प्रसिद्ध आहे. १९०४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच लढाईनंतर हेरेरो लोकांना जर्मन सैन्याने ओमाहेकेच्या निर्जल प्रदेशात हाकलले आणि हजारो माणसे तहानेने मेली. ल्यूडेरिट्झजवळचे शार्क बेट त्या काळात बंदिछावणी होते, आणि नंतर त्याच बेटावर प्रवाशांसाठी तंबू ठोकण्याची सोय करण्यात आली. ज्या निर्मनुष्यतेपुढे आज प्रवासी स्तब्ध होतो तिचा काही भाग निसर्गाने घडवला आहे आणि काही भाग माणसांनी, हे ठाऊक नसताना त्या स्तब्धतेला आध्यात्मिक अनुभव म्हणता येईल काय? अनुभव खरा असेल. पण ज्ञानाशिवायचा तो अनुभव अपुरा आहे, आणि ज्ञान झाल्यानंतर तो तसाच टिकत नाही, असे म्हणावे लागते.

त्याच देशाच्या उत्तरेला हिंबा नावाचे पशुपालक राहतात. त्यांच्या वस्तीत घर आणि गुरांचा वाडा यांच्यामध्ये ओकुरुवो हा पवित्र अग्नी असतो आणि त्याच्यामार्फत पूर्वजांशी बोलता येते असे ते मानतात. कुनेने नदीवर एपुपा येथे धरण बांधण्याची योजना १९९० च्या दशकात पुढे आली तेव्हा पूर्वजांच्या कबरी बुडतील हा त्यांनी केलेल्या विरोधाचा एक मुख्य मुद्दा होता, कारण कोणत्या कुळाचे पूर्वज कुठे पुरले आहेत यावरून त्या भूमीवर कोणाचा शब्द चालतो हे ठरत असे. कोरकूंचा मुंडा आणि हिंबांची कबर यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. दोन्हींत भूमीचा हक्क मृतांच्या द्वारे सांगितला जातो, आणि आधुनिक महसुली कागदात त्याला रकाना नाही.

मेळघाटात गावे हलवली गेली ती अर्थातच वसाहती युद्धाच्या क्रौर्याने नव्हे, आणि दोहोंना एका पारड्यात घालणे अन्यायाचे होईल. कोहा, कुंड आणि बोरी ही गावे या शतकाच्या आरंभी, आणि वैराट, चुर्णी, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी यांसारखी गावे त्यानंतरच्या काळात गाभा क्षेत्रातून बाहेर आली. गाभा क्षेत्र म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा तो आतला भाग जो वन्यजीवांसाठी मानवी वावरापासून मुक्त ठेवावा असे २००६ च्या कायदादुरुस्तीने ठरवले आहे. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये, किंवा त्याऐवजी शासनाने केलेले पुनर्वसन, असा पर्याय होता, आणि ही रक्कम पुढे वाढवण्यात आली. दवाखाना, शाळा आणि पक्का रस्ता यांच्या अभावी पावसाळ्यात तुटून पडणाऱ्या गावांतील अनेकांनी हा पर्याय मनापासून स्वीकारला. मेळघाटातील बालमृत्यूंचा इतिहास ठाऊक असलेल्या कोणालाही त्यांचा निर्णय समजेल. शिवाय वाघाचा पक्षही खरा आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी काही भूमी राखून ठेवणे हा भूतयज्ञाचाच विस्तार मानता येईल, आणि मेळघाटात तो राखला गेला म्हणूनच रानगवे, रानपिंगळा आणि वाघ तिथे आज आहेत.

अडचण इथून पुढे सुरू होते. माणूस बाहेर काढला तो वाघासाठी. पण त्याने सोडलेल्या जागी पर्यटकाची गाडी येते तेव्हा त्यागाचा हेतू बदलतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी गाभा क्षेत्रातील पर्यटनाला तात्पुरती बंदी घातली आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यानंतर, ती उठवली. त्या तत्त्वांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो. टक्केवारीने गर्दीचा प्रश्न सुटतो, हक्काचा सुटत नाही. ज्या कारणासाठी रहिवाशाला देवाच्या दगडापाशी राहता येत नाही, त्याच कारणाने बाहेरच्या पाहणाऱ्यालाही तिथे जाता येऊ नये. आणि पाहणाऱ्याला जाता येत असेल, तर रहिवाशाचा त्या दगडावरचा हक्क त्याच्या आधी यायला हवा. नैतिक दृष्ट्या याला प्रतिवाद करणे कठीण आहे. नामिबियातून १७ सप्टेंबर २०२२ रोजी आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणले गेले तेव्हा देशभर त्यांचे स्वागत झाले. परंतु कुनोतून त्यापूर्वी, सिंहांसाठी म्हणून, हलवलेल्या चोवीस गावांचा उल्लेख त्या स्वागतात फारसा झाला नाही.

मेळघाटात या प्रश्नाचे एक जिवंत रूप धारगडला दिसते. अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्याच्या उत्तरेला, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, डोंगरातील गुहेत महादेवाचे स्थान आहे आणि श्रावणातील तिसऱ्या सोमवारी तिथे यात्रा भरते. अकोटच्या बाजूने असंख्य भाविक रात्रभर चालत, पावसात भिजत, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्यावरून जंगलात शिरतात, आणि वनखाते त्या दिवसांपुरती वाट मोकळी करते. ही सवलत योग्य आहे. पण यात्रेकरूला तीर्थाचे जुने नियम लागू होतात हेही तितकेच खरे आहे. संयमाशिवाय यात्रेचे फळ नाही असे मानणाऱ्या परंपरेने प्लास्टिकच्या पिशव्या, ध्वनिक्षेपक आणि गाड्यांचे ताफे घेऊन वाघाच्या घरात जाणे आपल्याच शास्त्राविरुद्ध आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी या संदर्भात जे केले ते कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट आहे: यात्रेच्या गावी ते मूर्तीच्या दर्शनाला न जाता हाती खराटा घेत, आणि पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी उभारल्या त्या धर्मशाळा. स्थळाचे ऋण श्रमाने फेडावयाचे, हा त्यांचा आचार पर्यटकालाही तितकाच लागू पडतो.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध लोकांच्या डोंगरदेवतेवरील धार्मिक हक्काचा निर्णय त्यांच्या ग्रामसभांवर सोपवला, आणि त्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. नामिबियात १९९६ च्या कायद्याने ग्रामसमूहांना आपल्या भागातील वन्यजीवांवर आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क मिळाला. असे ऐंशीहून अधिक समूह आज आहेत, मात्र जमिनीची मालकी त्यांच्याकडे आलेली नाही. बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी मध्य कालाहारीतून काढलेल्या सान लोकांचा तिथे राहण्याचा हक्क मान्य केला. मेळघाटाच्या पायथ्याला, परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकड्यांवर पुन्हा झाडे उभी केली, आणि २०१४ साली त्याबद्दल राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कारही त्याला मिळाला. माणूस असला की जंगल मरते, या सिद्धांताला पायविहीरचे उदाहरण पुरेसा छेद देते.

सेमाडोहच्या बाबतीत यातून काही ठोस गोष्टी निघतात. गाभ्यातून हललेल्या प्रत्येक गावाचा मुठवादेव, वाघदेव आणि मुंड्यांचे झाड कुठे आहे याची नोंद कोरकू वृद्धांच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत, व्हावी. होळीला, पेरणीपूर्व पूजेला आणि सिडोलीला त्या गावकऱ्यांना तिथे विनाशुल्क आणि विनाविलंब जाता यावे. ज्या दिवशी ते जातील त्या दिवशी त्या वाटेवर सफारीच्या गाड्या सोडू नयेत. आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसण्यासाठी येणाऱ्या शहरी निसर्गप्रेमीला आधी हे सांगितले जावे की ज्या पाणवठ्याकडे तो पाहत बसणार आहे त्याच्या काठावर कोणते गाव होते आणि त्या गावाचे लोक आता कुठे राहतात. पुनर्वसनानंतर मृत्यू पावलेल्यांची सिडोली नव्या गावात करावी की जुन्या झाडाखाली, याचा निर्णय कोरकूंनी स्वतः घ्यावा, आणि तो जुन्या झाडाच्या बाजूने झाला तर तिथवर पोचण्याची वाट त्यांना मागावी लागू नये.